पहाटे तीनचं पद : झाडीपट्टीच्या नाटकात गाण्याची भूमिका कशी तयार करावी

झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, भाऊबीजेपासून गावोगाव जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. त्या मंडईच्या नाटकात तुम्हाला भूमिका मिळाली आहे आणि त्या भूमिकेला चार पदं आहेत. मंडळाने तुम्हाला घेतलं, कारण भजनात तुमचा आवाज चांगला लागतो. आता नाटकाची प्रत हातात आहे, धानाची कापणी तोंडावर आली आहे आणि भाऊबीज दीड-दोन महिन्यांवर. सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न घेऊन दरवर्षी दोघे-तिघे माझ्याकडे येतात. मी पेटीवर बसतो. त्याआधी काही वर्षं रंग लावून गायलोही आहे. या लेखात मी त्यांना जे सांगतो तेच लिहितो आहे.

पहिली गोष्ट घड्याळाची. आपल्याकडे नाटक दहाला लागायचं असतं, पडदा उघडतो साडेदहा-अकराला. नांदी, मग पहिला अंक, मधे पाहुण्यांचा सत्कार, दुसऱ्या अंकानंतर लावणी, पुन्हा चहाची सुट्टी. असं करत तिसऱ्या अंकातलं तुमचं शेवटचं पद येतं तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेलेले असतात. बाहेर दहिवर पडत असतं. गळ्यातून चार तास संवाद गेलेले असतात. आणि नाटककाराने सगळ्यात अवघड, सगळ्यात भावनेचं पद नेमकं तिथेच ठेवलेलं असतं, कारण गोष्ट तिथेच टोकाला पोचते.

नवे गायक पहिल्या अंकातलं प्रवेशाचं पद सगळ्यात जास्त घोटतात. साहजिक आहे, तिथे गावाला पहिल्यांदा आवाज ऐकवायचा असतो. पण तयारी शेवटच्या पदापासून करा. पट्टी (गाताना कुठल्या सुराला षड्ज, म्हणजे 'सा', धरायचं ते), श्वास, जेवण, झोप, तालमीतला आवाज या सगळ्याचा हिशेब पहाटे तीनच्या गळ्यावरून मांडा. माझ्या पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या अंकात दोनदा वन्समोअर घेतला, ताना घेतल्या, लोक खूश. तिसऱ्या अंकात बापाच्या तोंडचं शेवटचं पद लागलं आणि वरच्या षड्जाला आवाज फुटला. समोर माणसं रडायच्या बेतात होती, ती एकमेकांकडे बघायला लागली. ते मला अजून दिसतं.

नक्कल आधी हाताने उतरवा

नक्कल म्हणजे आपल्या भूमिकेचे संवाद आणि पदं. तिची झेरॉक्स मिळाली असेल तरी स्वतःच्या हाताने वहीत उतरवा. जुने नट आपली नक्कल स्वतः लिहून काढायचे, आणि त्यात फक्त कागद वाचवायचा विचार नव्हता. लिहिताना शब्द हातातून जातो आणि कुठला शब्द आपल्याला कळलेला नाही हे तिथेच कळतं.

आपले संवाद उतरवण्याआधी पूर्ण नाटक दोनदा वाचा, तुम्ही नसलेले प्रवेशसुद्धा. तुमच्या पाठीमागे तुमच्याबद्दल कोण काय बोलतं, हे माहीत नसेल तर पदातला अर्धा अर्थ हातचा जातो. मग प्रत्येक पदाच्या बाजूला चार गोष्टी लिहा: अंदाजे किती वाजता येईल, त्याच्या लगेच आधी मी काय करतो, लगेच नंतर काय करतो, आणि कोणाला उद्देशून गातो. ताल आणि पट्टीची जागा मोकळी सोडा, ती नंतर भरू.

'लगेच आधी काय' ही नोंद फार कामाची आहे. भांडणाच्या प्रवेशानंतर पद असेल तर श्वास वर चढलेला असणार. रडण्यानंतर असेल तर गळा आवळलेला असणार. विंगेतून धावत येऊन गायचं असेल तर पहिली ओळ उच्छ्वासावर जाणार. या तीनपैकी काहीही असेल तर दिग्दर्शकाला आत्ताच सांगा, की पदाआधी एखादं वाक्य दुसऱ्या पात्राला द्या किंवा पेटीवर चार मात्रा वाजू द्या. तालमीच्या पहिल्या आठवड्यात असा बदल सहज होतो, रंगीत तालमीला कोणी ऐकून घेत नाही.

चालीआधी शब्द

पद म्हणजे गाऊन बोललेला संवाद. म्हणून चाल कानात पडायच्या आधी ते पद संवादासारखं बोलून पाहा. उदाहरणासाठी मी एका आईच्या तोंडी दोन ओळी रचतो:

उभी दारी मी, वाट तुझी पाहे
सांज गेली अन् दीप जळत आहे

ही दिंडी आहे, म्हणजे त्या नावाच्या जुन्या छंदातली रचना. दिंडीच्या प्रत्येक ओळीत १९ मात्रा असतात, ९ वर थांबा आणि पुढे १०. मोजून पाहा, 'उभी दारी मी' ९, 'वाट तुझी पाहे' १०. नवा गायक काय करतो, की श्वास संपला म्हणून 'वाट' या शब्दानंतर थांबतो. ऐकणाऱ्याला 'उभी दारी मी वाट' एवढंच लागतं आणि ओळ मोडते. थांबा 'मी'नंतर आहे, रचनेनेच दिलेला आहे. श्वासाची जागा शब्दांनी ठरवायची, फुप्फुसाला सोयीची जागा शोधायची नाही. पेन्सिलीने तिथे छोटी उभी रेघ मारा आणि तालमीत प्रत्येक वेळी तिथेच श्वास घ्या. एकदा एका ठिकाणी, दुसऱ्यांदा दुसऱ्या ठिकाणी असं केलंत तर पहाटे शरीराला सवय नसते आणि नेमका तिथेच घोटाळा होतो.

जुन्या पदांत शब्द उलटसुलट असतात. कर्ता शेवटी, क्रियापद मधेच. प्रत्येक ओळीचा अन्वय लावून, साध्या भाषेत तिच्याखाली लिहा. युरोपात ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक, गाणारे गायक हेच करतात. त्यांना पुष्कळदा परक्या भाषेत गावं लागतं, मातृभाषा फ्रेंच किंवा रशियन आणि गायचं इटालियनमध्ये. ते स्वरलिपीतल्या प्रत्येक शब्दाखाली आपल्या भाषेतला अर्थ लिहितात आणि सूर लावायच्या आधी ओळी तालात नुसत्या बोलतात. आपली भाषा आपलीच आहे म्हणून आपण हे टाळतो, आणि मग 'सदय' म्हणजे काय हे माहीत नसताना 'सदय'वर तान घेतो.

आता उच्चारांचं. झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' नाहीत. 'पाणी'चं 'पानी' होतं, 'जळत'चं 'जरत'. ही आपल्या बोलीची चाल आहे, तिच्यात लाजण्यासारखं काहीच नाही. पात्र जर इथलाच शेतकरी असेल, त्याचं पद बोलीतलं असेल, तर 'ण', 'ळ' घालून ते पुस्तकी करू नका, पात्र खोटं होईल. पण पात्र राजा, वकील किंवा शहरातून आलेला डॉक्टर असेल, आणि पद प्रमाण मराठीत लिहिलेलं असेल, तर 'ण' आणि 'ळ' स्वच्छ यायला हवेत. रोज दहा मिनिटं फक्त हे दोन उच्चार असलेल्या ओळी मोठ्याने वाचा. गाताना जीभ आळसावते, बोलताना केलेली सवय तिथे मदतीला येते.

पट्टी

पेटीवाल्याकडे जायचं ते वही घेऊन आणि सकाळी नाही. शक्य असेल तर रात्री जेवणानंतर दोन तासांनी जा, दिवसभर काम करून थकलेला असताना. सकाळी नऊला ताज्या गळ्याने ठरवलेली पट्टी पहाटे तीनला तुमचा घात करते.

पदातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर शोधा. सगळ्यात वरच्या स्वरावर जो शब्द येतो तो शब्द घेऊन, पूर्ण आवाजात, सलग पाच वेळा लावा. पाचव्या वेळी मान ताणली जात असेल, हनुवटी वर जात असेल, तर पट्टी एक घर खाली आणा, म्हणजे पेटीवरचा लगतचा खालचा काळा किंवा पांढरा सूर धरा. काळी दोनवर जमतंय म्हणून काळी दोन धरू नका, पांढरी दोनवर आरामात जमत असेल तर तीच तुमची. गावात कोणी विचारत नाही अमका कोणत्या पट्टीत गायला. लोकांना शब्द ऐकू आले का, आणि शेवट सुरात लागला का, एवढंच लक्षात राहतं.

खालच्या स्वराचीही परीक्षा घ्या. फार खाली उतरलात तर मंद्रातले शब्द माईकलाही सापडत नाहीत.

पुरुष आणि स्त्री यांचं द्वंद्वगीत असेल तर अडचण येतेच, कारण दोघांच्या पट्ट्या वेगळ्या. तो काळी एकमध्ये आरामात, ती काळी चारमध्ये. यावर पेटीवाल्यांचा जुना तोडगा आहे. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. तेव्हा चाल अशी बांधायची की त्याची कडवी काळी एकचा षड्ज धरून चालतील आणि तिची कडवी त्याच्या पंचमाला षड्ज मानून. पेटीवाल्याला बदलासाठी दोन मात्रांचा तुकडा लागतो, तबलजीला तो माहीत असावा लागतो. काही ठिकाणी मध्यमाला षड्ज मानणं सोयीचं पडतं. दोघांनाही मधल्याच एखाद्या पट्टीत कोंबलं तर दोघंही वाईट गातात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

पट्टी ठरली की नकलेत प्रत्येक पदासमोर लिहा. वादक ऐन वेळी बदलतात. नवा ऑर्गनवाला संध्याकाळी येऊन बसतो आणि विचारतो, 'तुमची पट्टी?' त्या वेळी 'बघा, अशीच काहीतरी' असं उत्तर द्यावं लागू नये.

चाल, ताल आणि बसून केलेली तालीम

चाल शिकताना मोबाईलवर पेटीवाल्याकडून गाऊन घ्या, पण त्यावर फार विसंबू नका. ध्वनिमुद्रण ऐकत ऐकत गायलं की आपण त्याच्या मागून चालतो. तीन-चार दिवस ऐका, मग तानपुऱ्याच्या नुसत्या सुरावर गा. मोबाईलवरचा तानपुरा चालतो.

हाताने ताल धरल्याशिवाय एकही ओळ गाऊ नका. दादरा ६ मात्रांचा, केरवा ८, झपताल १०, त्रिताल १६. हे पाठ असून भागत नाही, मुखडा, म्हणजे पदाची पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, कितव्या मात्रेवरून उठतो हे हाताला कळलं पाहिजे. बहुतेक चुका पदाच्या सुरुवातीला होत नाहीत, अंतरा, म्हणजे कडवं, संपवून मुखड्यावर परत येताना होतात. म्हणून फक्त तो परतीचा तुकडा, अंतऱ्याची शेवटची ओळ आणि मुखडा, वीस वेळा म्हणा. दिंडी, साकी यांसारख्या रचना पुष्कळदा मोकळ्या लयीत म्हटल्या जातात. तिथे तबला तुम्हाला सांभाळत नाही, तुमच्या शब्दांचं वजनच लय सांभाळतं. संगीत नाटकाने पहिली मोठी भरारी घेतली ती अशाच साक्या-दिंड्यांवर. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, आणि त्यात पल्लेदार रागदारीपेक्षा लोकांच्या कानावरच्या चालीच जास्त होत्या. आपली दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं ऐकून वाढलेल्या माणसाला तो गाण्याचा ढंग परका नाही.

आता एक मागणी मंडळाकडे नक्की करा. नाटकाआधी किमान एकदा फक्त गाणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची तालीम ठेवा. हालचाल नाही, संवाद नाहीत, सगळे सतरंजीवर बसलेले, आणि पहिल्या पदापासून शेवटच्या पदापर्यंत सगळी पदं ओळीने. ऑपेराच्या जगात अशा बैठकीला खास नाव आहे, आणि पूर्ण वाद्यवृंदाबरोबर गायकांची ती पहिली भेट असते. आपल्याकडे वादक पुष्कळदा थेट नाटकाच्या संध्याकाळी पोचतात. मंडळ म्हणेल, त्यांना आधी एक दिवस बोलावणं परवडत नाही. मग निदान त्या संध्याकाळी पाच ते सहा असा एक तास त्यासाठी ठेवा, जेवणाआधी, आणि त्या तासात कोणालाही रंग लावायला बसू देऊ नका. ऑक्टोपॅडवाल्याला (विजेवरची तालवाद्यं वाजवणाऱ्याला) तुमची लय कळणं आणि कोणत्या पदाला त्याने अजिबात वाजवायचं नाही हे कळणं, दोन्ही त्यात येतं. आईच्या विरहाच्या पदात मधेच ढोलाचा ठोका पडला तर त्या पदाचं काही उरत नाही.

गाताना उभं कुठे राहायचं, बघायचं कुठे

संवादातून पदात शिरायची जागा ही सगळ्यात नाजूक. नवा माणूस वाक्य संपवतो, पात्र बाजूला ठेवतो, माईककडे चालत जातो, घसा साफ करतो आणि गायक म्हणून उभा राहतो. तेवढ्यात गोष्ट थांबते. पेटीवाल्याशी ठरवा की पदाआधीच्या वाक्याच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांखाली त्याने हळूच षड्ज धरायचा. तुमचं वाक्य त्या सुराच्या जवळच संपवा. मग पदाचा पहिला शब्द वाक्याचाच पुढचा शब्द वाटतो.

आपल्या रंगमंचावर माईक वरून टांगलेले असतात. त्यांच्याकडे तोंड वर करून गाऊ नका. मान वर गेली की गळा ताणला जातो, आणि बत्तीचा उजेड डोळ्यांत जातो. माईकच्या थोडं मागे उभं राहून सरळ समोर, मंडपातल्या शेवटच्या रांगेच्या डोक्यावरून गा. आवाज वाढवायची गरज वाटली तर जोर पोटाच्या आधारातून यावा, गळा आवळून ओरडून नाही. ऑपेरातले गायक माईक न घेता मोठ्या वाद्यवृंदावरून ऐकू येतात, ते काही सगळ्यांपेक्षा जोरात ओरडतात म्हणून नाही. त्यांच्या आवाजात सुमारे ३००० हर्ट्झच्या आसपास एक खास चमक असते, वाद्यवृंदाचा जोर त्या भागात कमी असतो आणि माणसाचा कान तिथे फार तिखट असतो. आपल्या जुन्या शाहिरांच्या आवाजाला जी धार असायची, तीही अशीच काहीशी. गळा मोकळा ठेवून, स्वर चेहऱ्याच्या पुढच्या भागात घुमतो आहे असं वाटेपर्यंत 'म'कार धरून रियाज केला तर ती धार हळूहळू येते.

कपड्यांसह एकदा तरी गाऊन पाहा. कंबरेला घट्ट शेला बांधला की पोटाचा श्वास अडतो. फेटा कानावर आला की पेटी ऐकू येत नाही. चिकटवलेली मिशी 'प', 'ब', 'म'ला उचकटते. हे सगळं रंगपटात आरशासमोर कळत नाही, दोन पदं पूर्ण गायल्यावर कळतं.

रडण्याच्या पदाबद्दल. खरं रडू आलं तर गळा बंद होतो, गाणं थांबतं. पदाआधीच्या संवादात रडा, मनसोक्त रडा. पद सुरू होताना पात्र रडून झालेलं असू द्या. ते आता मोकळं होऊन बोलतं आहे, म्हणून गातं आहे. रडायचं काम समोर बसलेल्यांवर सोपवा, ते करतात. घोंगडं पांघरून बसलेल्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसताना मी पेटीवरून किती वेळा पाहिल्या आहेत.

आणि वन्समोअर. तो आला की पूर्ण पद पुन्हा म्हणायचं नाही. मुखडा आणि शेवटचा अंतरा, एवढंच. हे आधीच पेटी-तबल्याशी ठरवा. रात्रभरात किती वेळा देणार, तेही ठरवा. मी नव्यांना सांगतो, पहिल्या दोन अंकांत मिळून एकच. उरलेला गळा तिसऱ्या अंकाचा आहे.

आठवलं नाही तर

आपल्याकडे विंगेत प्रॉम्प्टर असतो आणि संवादात तो तारतो. पदात तो तारेलच असं नाही, कारण पेटी-तबल्याच्या आवाजात त्याचं ऐकू येत नाही. ऑपेरातला प्रॉम्प्टर रंगमंचाच्या पुढच्या कडेला एका छोट्या खोक्यात बसतो आणि ओळ सुरू व्हायच्या क्षणभर आधी तिचा पहिला शब्द देतो. तुमच्या प्रॉम्प्टरलाही हेच सांगा. प्रत्येक अंतऱ्याचा फक्त पहिला शब्द, आणि तोही आवर्तनाच्या आधी, अंतरा सुरू झाल्यावर नाही. त्याच्या प्रतीत ते शब्द लाल पेनाने अधोरेखित करून द्या.

तरीही शब्द गेलाच, तर मुखड्यावर या. आकारात दोन स्वर फिरवा, मुखडा पुन्हा म्हणा, तोवर पुढचा अंतरा आठवतो. पेटीवाल्याकडे बघू नका, त्याला तुमच्या स्वरावरूनच कळतं. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. कारण मंडपातल्या हजार माणसांपैकी पद पाठ असलेली चार-पाचच असतात, चेहरा मात्र सगळ्यांना दिसतो.

गळ्याची रात्र

तालमीत रोज पूर्ण आवाजात गाऊ नका. दिग्दर्शक हालचाली बसवत असताना पद अर्ध्या आवाजात, नुसतं शब्द आणि लय सांभाळून म्हणा, वरचे स्वर खालच्या सप्तकात घ्या. ऑपेराचे गायक लांबलेल्या तालमींत असंच करतात आणि कोणी त्यांना कामचुकार म्हणत नाही. आठवड्यातून दोनदा मात्र पूर्ण आवाजात, सगळी पदं, ओळीने. आणि एक तालीम मुद्दाम उशिरा ठेवा, रात्री एकला सुरू करून. लोक कुरकुर करतील, कापणीचे दिवस आहेत. पण आपला गळा पहाटे कसा असतो हे नाटकाच्या रात्री पहिल्यांदा कळू नये.

बिघडलेल्या गळ्यांपैकी बरेच गाण्याने बिघडलेले नसतात, संवाद ओरडल्याने बिघडलेले असतात. खलनायकाशी भांडणाचा प्रवेश, डफाच्या वरून हाक मारणं, मंडपात गोंगाट झाला म्हणून चढवलेला आवाज. संवादाची पट्टीसुद्धा ठरवा. राग दाखवायला आवाज नेहमी वर चढवावाच लागतो असं नाही. खाली उतरवून, शब्द तोडून बोललात तर मंडप जास्त शांत होतो.

नाटकाच्या दिवशी दुपारी दोन-तीन तास झोपा. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, रंगमंचावर जायच्या आधी तांब्याभर पिऊन उपयोग नाही, घशाच्या आतला ओलावा असा एका घोटात येत नाही. जेवण सात-साडेसातला उरका. वरण-भात, भाकरी-भाजी चालेल. तर्रीचा रस्सा, मिरचीची भजी, आंबट ताक हे त्या दिवशी नको. पोटातलं आंबट वर आलं की सकाळपर्यंत घसा खवखवतो.

खर्रा सोडा. हे मी हात जोडून सांगतो. आपल्या भागात रंगपटात खर्ऱ्याच्या पुड्या फिरतातच, जागरणाला आधार म्हणून. तंबाखू-सुपारी-चुन्याने तोंड सुकतं, गाल आखडतात, जबडा पुरता उघडत नाही, आणि पुढे तोंडाचा आजार जडतो तो वेगळाच. उत्तम आवाजाची माणसं मी यात गमावलेली पाहिली आहेत. जागरणासाठी कोमट पाणी, थोडा गूळ-शेंगदाणा, ज्येष्ठमधाची काडी. कोरा चहा एखाद-दोन कप. खडीसाखरेने बरं वाटतं तर खा, पण तिने आवाज सुधारतो असं समजू नका.

साडेनऊला गळा तापवा. दहा मिनिटं ओठ फुरफुरवत खालून वर, वरून खाली. मग 'म'कारात खर्ज, मग आकार, मग शेवटच्या पदातली सगळ्यात वरची ओळ एकदा, हलक्या आवाजात. बस. रंगपटात एकमेकांना ताना ऐकवत बसू नका.

मग रात्र सुरू होते. तुमचा प्रवेश नसताना बाहेर शेकोटीजवळ जाऊन बसायचा मोह होतो, कारण डिसेंबर-जानेवारीत बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, मंडपामागे हाडं गोठतात. शेकोटीच्या उबेत बसा, पण धूर येतो त्या बाजूला नाही. आजूबाजूला तणीस (धानाचा पेंढा), मळणीची धूळ असते, गळ्याला आणि नाकाला मफलर गुंडाळून ठेवा आणि श्वास नाकाने घ्या. गप्पा मारू नका. कुजबुजूही नका, कुजबुजीने गळ्याला आराम मिळत नाही, उलट ताण पडतो. दुसऱ्या अंकानंतर लावणी चालू असते तेव्हा मागे जाऊन पाच मिनिटं पुन्हा ओठ फुरफुरवा. थंडीत तीन तास बसलेला गळा सरळ वरच्या षड्जाला नेला तर फुटतो. माझा तसाच फुटला होता.

एकाच रात्रीपुरतं नसेल तर

गावच्या मंडळाचं नाटक एका रात्रीत संपतं. पण तुम्ही चांगलं गायलात तर वडशाच्या एखाद्या कंपनीतून विचारणा होऊ शकते. देसाईगंज-वडसा हे आपल्या नाटकांचं बाजारपेठेचं गाव, दिवाळीपासून होळीपर्यंत तिथल्या कंपन्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा चारही जिल्ह्यांत फिरतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या रात्रीच्या नाटकांकडे बाहेरचेही लोक वळून बघू लागले. कंपनीत मात्र आज या गावात, उद्या त्या गावात, दिवसा गाडीत झोप. तिथे तयारीचा हिशेब बदलतो. सलग तिसऱ्या रात्री आवाज जड झाला तर शरम न बाळगता सगळ्या पदांची पट्टी एक घर खाली घ्या. पेटीवाल्याला ते एका मिनिटाचं काम आहे. आवाज बसला असताना औषध घेऊन रेटू नका. आणि घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त राहिला, तर सीझन असो नसो, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. विशेषतः तंबाखूची सवय असेल तर वाटच बघू नका.

कंपनीकडे जाण्याआधी एक-दोन वर्षं गावच्या मंडळातच गा, असं माझं मत आहे. तिथे चुका करायला जागा असते, आणि समोर बसलेली माणसं तुमची असतात.

नाटक संपतं तेव्हा झुंजुमुंजू झालेलं असतं. रंग पुसायच्या आधी कोमट पाणी प्या, थंड नको, आणि लगेच मोठ्याने बोलायला लागू नका, लोक भेटायला येतील तेव्हा हात जोडा. घरी पोचून झोपा. उठल्यावर नक्कल उघडा आणि प्रत्येक पदासमोर खरी वेळ लिहा, तुम्ही आधी अंदाजाने लिहिली होती तिच्याशेजारी. कुठे श्वास कमी पडला, कुठे पट्टी वर वाटली, कुठला शब्द प्रॉम्प्टरकडून घ्यावा लागला, तेही लिहा. पुढच्या मंडईला भूमिका दुसरी असेल, पण वही तीच घेऊन या.